ताजी भाजी घरी आणून शिळी करू नका

जवळच्या शेतातली ताजी भाजी खायचं मनावर घेणारे बरेच जण थोड्याच दिवसांत ‘काही फरक नाही हो’ म्हणून नाद सोडतात. फरक असतो. तोडल्यावरही भाजीचा श्वास चालूच असतो. साखर खर्च होते, पाणी उडतं, क जीवनसत्त्व घटतं. शेत जवळ असलं की ही घट व्हायच्या आत भाजी ताटात येऊ शकते. वाचलेले दिवस तुम्ही फ्रीजमध्येच घालवलेत, तर शेताने काय करायचं?

माझा सगळ्यात मोठा राग आहे पालेभाजी आणल्या आणल्या धुऊन ठेवण्यावर. आमच्या मेहुण्यांनी एकदा थेट मळ्यावरून पालक आणला. सकाळीच तोडलेला, देठ कट्‌कन मोडेल असा. मी नको म्हणत असताना त्यांनी सगळ्या जुड्या धुतल्या, निथळू न देता प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबल्या आणि वर घट्ट गाठ मारली. म्हणे, आठवड्याचं काम उरकलं! तिसऱ्या दिवशी पिशवीच्या तळाशी हिरवट पाणी, पानं बुळबुळीत, फ्रीजभर वास. आणि बोल कोणाला लावला? शेतकऱ्याला. ‘औषधं मारून वाढवतात, टिकणार कशी?’ पानांत अडकलेलं पाणी आणि कोंडलेली हवा मिळाली की जिवाणूंचं फावतं, इतकी साधी गोष्ट ऐकून घ्यायला ते तयार नव्हते.

मी जुडी सोडून पिवळी, ठेचलेली पानं काढते आणि बाकीची न धुता सुक्या सुती फडक्यात सैल गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवते. धुणं चिरायच्या अगदी आधी. चिरून मग धुतलीत तर क जीवनसत्त्व पाण्याबरोबर मोरीत जातं. रविवारी आठवड्याची भाजी चिरून डबे भरणाऱ्यांशी मी हल्ली वादच घालत नाही.

दुसरी चूक विकत घेतानाच होते. ‘कुठला माल?’ एवढंच विचारतात, ‘कधी तोडला?’ हे कोणी विचारत नाही. जवळच्याच शेतातला पण चार दिवस उन्हात पडलेला माल ताजा कसा? मका आणि मटारात तर तोडल्यापासून साखरेचा स्टार्च व्हायला लागतो. ते आणले त्या दिवशीच खा, गोडी लगेच कळेल.

टोमॅटो फ्रीजमध्ये टाकू नका. साधारण १२ अंशांखाली त्याचा स्वाद मरतो आणि गर पिठूळ होतो. पूर्ण पिकलेला असून लगेच संपणार नसेल तरच आत ठेवा, आणि खायच्या आधी बाहेर काढा.

मुळा-गाजराचा पाला लगेच कापा, तो कंदातलं पाणी ओढून घेतो.

बटाटे अंधारात, कांद्यापासून लांब. हिरवे पडलेले खाऊ नका.

केळी, सफरचंदं पालेभाजीशेजारी नकोत. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं पिवळी पडतात.

द्राक्षं आणि संत्री तोडल्यावर गोड होत नाहीत. आंबट घेऊन वाट बघत बसू नका.

जवळचं म्हणजे फवारणी नसलेलं, असंही धरून चालू नका. वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, साबण नको.

आणि हंगाम नसेल तर गोठवलेले मटार खुशाल घ्या. तोडल्यावर लगेच गोठवलेला दाणा आठवडाभर फिरून आलेल्या ‘ताज्या’ शेंगेपेक्षा बरा.