एरंडेलापासून रिसिनोलेइक आम्ल मिळवताना

वडोदऱ्यातील मराठी घरांत वर्षभराच्या गव्हाला जे एरंडेल चोळतात आणि दुकानात जे ‘दिवेल’ म्हणून मिळते, ते सेंद्रिय रसायनाच्या प्रयोगशाळेतही आणावे, असे मी विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगतो. भारतातील बहुतेक एरंडी गुजरातमध्येच पिकते आणि तिच्या तेलातील मेदाम्लांपैकी सुमारे ८५ ते ९० टक्के वाटा एकट्या रिसिनोलेइक आम्लाचा असतो. १८ कार्बनांच्या या साखळीत १२व्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट आणि ९व्या कार्बनपाशी दुहेरी बंध वनस्पतीनेच बसवलेला असतो, आणि ती घडण न मोडता वापरण्यातच या कच्च्या मालाची खरी किंमत आहे.

तेल तयारच घ्यावे. बियांत रिसिन हे तीव्र विष असते, म्हणून त्या स्वतः कुटू नयेत. ५० ग्रॅम तेल, १५० मिलिलिटर इथेनॉल आणि १२ ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड गोल बुडाच्या चंबूत घेऊन, वर उभा कंडेन्सर लावून, पाण्याच्या बाथवर सुमारे तासभर उकळावे; यात तेल फुटून साबण आणि ग्लिसरॉल बनते. नंतर बहुतेक इथेनॉल ऊर्ध्वपातनाने काढून पुढच्या वेळेसाठी जपून ठेवावे, कारण द्रावक वाया गेला तर ‘वनस्पतिजन्य’ या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. उरलेला साबण कोमट पाण्यात विरघळवून थंड करावा आणि ढवळत ढवळत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल पीएच २ ते ३ होईपर्यंत घालावे. वर तरंगणारा थर हवे असलेल्या आम्लाचा, तर ग्लिसरॉल खालच्या पाण्यात राहते. हा थर इथिल ॲसिटेटमध्ये घेऊन पाण्याने धुवावा, निर्जल सोडियम सल्फेटवर सुकवावा आणि द्रावक कमी दाबाखाली, कमी तापमानाला काढावा.

येथे घाई करून जास्त उष्णता देऊ नये. एका रेणूचा हायड्रॉक्सिल गट दुसऱ्या रेणूच्या कार्बॉक्सिल गटाशी जोडला जाऊन एस्टोलाइड (एकमेकांना एस्टर बंधाने जोडलेले रेणू) बनतात आणि आम्लांक, म्हणजे एक ग्रॅम नमुन्यातील आम्ल उदासीन करायला लागणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे मिलिग्रॅम, घसरतो. शुद्ध रिसिनोलेइक आम्लाचा आम्लांक सुमारे १८८ असतो, म्हणून अल्कोहोलमधील पोटॅशियम हायड्रॉक्साइडने फिनॉल्फ्थॅलिन वापरून अनुमापन करावे; बाटलीत ठेवलेल्या नमुन्याचेही वापरण्यापूर्वी पुन्हा करावे.

रिसिनोलेइक आम्ल सुमारे २५० अंश सेल्सिअसवर अल्कलीबरोबर तापवल्यास सेबॅसिक आम्ल व २-ऑक्टॅनॉल मिळते, आणि त्याचा मिथिल एस्टर ५०० अंशांच्या आसपास तडकवल्यास हेप्टॅनॅल व नायलॉन-११ साठी लागणारा ११ कार्बनांचा एस्टर मिळतो. ही कामे कारखान्यांची. विद्यार्थ्याने आधी ॲसेटिक ॲनहायड्राइडने हायड्रॉक्सिल गटाचे ॲसिटिलीकरण करून पाहावे.