घरोघरी जाऊन केस कापताय? निघण्याआधीच पुढची तारीख घ्या

एक आठवडा जेवायला फुरसत नाही आणि पुढचा आठवडा फोनच वाजत नाही, ही या धंद्यातली नेहमीची अडचण.

त्यावर उपाय म्हणजे सामान आवरण्याआधीच पुढची वेळ पक्की करणे. केस महिन्याला साधारण १ सेंमी वाढतात. त्यामुळे आखूड कट ४ ते ६ आठवड्यांत बेढब दिसू लागतो, रंगवलेल्या केसांची मुळंही तेवढ्यातच उघडी पडतात. लांब केसांना ८ ते १२ आठवडे चालतात.

१. गळ्याभोवतीचं कापड सोडतानाच विचारा, "पाच आठवड्यांनी याच वारी, याच वेळेला येऊ ना?" आरशात बघून माणूस खूश असतो, तेव्हा होकार चटकन मिळतो. "लागेल तेव्हा फोन करा" म्हणून निघालात, तर तो फोन बहुतेक वेळा येत नाही.
२. एका वारी एकच भाग ठेवा. रस्त्यात गेलेल्या वेळेचे पैसे कुणी देत नाही.
३. आदल्या दिवशी आठवणीचा मेसेज टाका.

रंगाचं काम पहिल्यांदाच असेल तर ४८ तास आधी कानामागे पॅच टेस्ट (थोडासा रंग लावून ॲलर्जी होते का ते बघणं) कराच, ग्राहक कितीही घाईत असला तरी.