ऑनलाइन व्यवसायात ग्राहकांचे अभिप्राय कसे मागावेत आणि कसे मांडावेत

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर साडी घेणारी बाई दुकानातल्या दिव्यांवर विसंबत नाही. ती पदर दाराशी नेऊन उन्हात रंग पाहते, काठ हाताने चुरगाळून पाहते, सोबत आलेल्या जावेचे मत घेते आणि मगच किमतीचा विषय काढते. तीच साडी मोबाइलवर पाहताना यांपैकी काहीच करता येत नाही, त्यामुळे ही सारी तपासणी आधीच्या ग्राहकाच्या म्हणण्यावर सोपवावी लागते. 'खूप छान', 'एकदम मस्त सर्व्हिस' अशा पन्नास ओळी त्या कामी येत नाहीत. 'फोटोत दिसतो त्याहून रंग किंचित गडद निघाला, काठ मात्र अगदी तसाच आहे' ही एक ओळ येते.

म्हणून अभिप्राय मागायला निघण्यापूर्वी शंकांची यादी करावी. व्हॉट्सअ‍ॅपवरची गेल्या काही महिन्यांची संभाषणे उघडावीत आणि पैसे भरण्यापूर्वी लोकांनी काय काय विचारले, ते वहीत उतरवून काढावे. कोथरूडहून परदेशी दिवाळीचा फराळ पाठवणाऱ्या गृहउद्योगाला चकल्या मोडून पोहोचतात का, अनारसे किती दिवस टिकतात, पार्सल कस्टममध्ये अडकले तर पुढे काय, असे विचारले जाते. हडपसरहून सुती कुर्ते विकणाऱ्याला पहिल्या धुण्यात रंग जातो का आणि माप बसले नाही तर बदलून मिळते का, हे सांगावे लागते. दहावीच्या गणिताचे ऑनलाइन वर्ग घेणाऱ्या शिक्षकांना पालकांचा पहिला प्रश्न असतो तो मुलाला तासात मध्येच शंका विचारता येते का, हा. अशा प्रत्येक शंकेला उत्तर देणारा निदान एक अभिप्राय हाती असावा, हे उद्दिष्ट ठेवले की किती अभिप्राय हवेत, हा प्रश्न आपोआप मागे पडतो.

मागण्याची वेळ मालावर ठरते. फराळाबद्दल डबा उघडल्यानंतर एक-दोन दिवसांत विचारावे, कारण चकली किती मोडली ते तेव्हाच आठवते; कुर्त्याबद्दल दोन-तीन धुण्यांनंतर, लोणच्याबद्दल ते मुरल्यावर आणि शिकवणीबद्दल एखादी चाचणी होऊन गेल्यावर. पार्सल पोहोचल्याचा संदेश येताच पाच तारे मागणाऱ्या विक्रेत्याला कुरिअरवाल्याविषयीचे मत मिळते, मालाविषयीचे नाही.

'आमच्याविषयी दोन शब्द लिहा' असे म्हटले की लोक संकोचतात किंवा सत्कार समारंभातल्या भाषेत लिहितात. त्याऐवजी नेमके विचारावे. पुढील संदेश थोड्याफार फरकाने कोणत्याही व्यवसायाला चालेल:

'नमस्कार. गेल्या आठवड्यात आपण आमच्याकडून थालीपिठाची भाजणी मागवली होती. वेळ असल्यास तीन गोष्टी कळवाल का? मागवण्यापूर्वी मनात कोणती शंका होती? प्रत्यक्षात काय अनुभव आला? आणि कोणती गोष्ट सुधारायला हवी? आपल्या शब्दांत, मराठीत किंवा जमेल त्या भाषेत लिहावे. बोलून पाठवले तरी चालेल.'

यातील पहिला प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. त्याच्या उत्तरात ग्राहक स्वतःची शंका स्वतःच्या तोंडून सांगतो, आणि तीच शंका मनात घेऊन आलेला पुढचा ग्राहक तिथे थांबून वाचतो. तिसऱ्या प्रश्नाला अनेक जण बिचकतात, पण तो वगळू नये. पुण्यातला ग्राहक स्तुतीच्या बाबतीत हात आखडताच ठेवतो. 'ठीक आहे, वाईट नाही' ही त्याच्याकडची भरघोस पावती समजावी. 'थालीपीठ खुसखुशीत झाले. पाकीट मात्र एकदा उघडले की बंद होत नाही, पीठ डब्यात काढावे लागते' असे कोणी लिहिले, तर दुसरे वाक्य खोडण्याचा मोह आवरावा. पाकिटाची तक्रार करणारा माणूस खरा आहे याविषयी वाचणाऱ्याला शंका उरत नाही, आणि मग थालीपिठाविषयीचे त्याचे मतही पटते.

मजकुरावर हात फिरवताना मर्यादा पाळावी. लांबलेला भाग टिंबे देऊन वगळता येईल, उघड टंकनदोष दुरुस्त करता येतील. पण 'बरे आहे' याचे 'अप्रतिम आहे' करू नये, आणि मराठी-इंग्रजीची सरमिसळ असेल तर ती तशीच राहू द्यावी. सगळे अभिप्राय एकाच वळणाच्या शुद्ध भाषेत दिसू लागले की ते एकाच टेबलावर बसून लिहिले गेले आहेत, असा संशय चाणाक्ष वाचकाला येतोच.

प्रसिद्धीची परवानगी वेगळी घ्यावी. ग्राहकाने खासगी संदेशात कौतुक केले म्हणजे ते जगाला दाखवण्याची संमती दिली, असे होत नाही. नाव पूर्ण द्यायचे की फक्त पहिले, 'वाकड' किंवा 'सदाशिव पेठ' असा भाग लिहायचा का, फोटो वापरायचा का, आणि मजकूर फक्त संकेतस्थळावर राहणार की जाहिरातीतही येणार, हे एकेक विचारून उत्तर लेखी जपून ठेवावे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी 2023 साली झालेल्या कायद्याचे सूत्रही हेच आहे: संमती मोकळेपणाने दिलेली आणि विशिष्ट कारणापुरती असावी, आणि ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे. कोणी 'माझे नाव काढा' म्हटले, तर कारण न विचारता काढावे.

व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट चिकटवण्याची पद्धत आपल्याकडे फार बोकाळली आहे. त्यात ग्राहकाचा क्रमांक आणि प्रोफाइलवरचा फोटो उघडा पडतो, मोबाइलवर अक्षरे वाचता येत नाहीत, दृष्टिहीन व्यक्तींना मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला बहुधा त्यातले काहीच कळत नाही, आणि बनावट संभाषण तयार करणे सोपे असल्यामुळे पुरावा म्हणूनही त्याचे वजन उरलेले नाही. मजकूर टंकित करून त्याखाली नाव, भाग, घेतलेली वस्तू आणि महिना-वर्ष द्यावे. तारीख नसलेला अभिप्राय किती जुना आहे, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

'ग्राहक म्हणतात' असे स्वतंत्र पान करून सगळे अभिप्राय तिथे कोंडण्यापेक्षा जिथे शंका उठते, तिथे एकेक ठेवावा. मापांच्या तक्त्याशेजारी माप बदलून मिळालेल्या ग्राहकाचा, पैसे भरण्याच्या बटणाजवळ परतावा मिळालेल्याचा, परदेशी कुरिअरच्या दरांखाली पार्सल धड पोहोचलेल्याचा.

गूगलवरचे अभिप्राय आपल्या ताब्यात नसतात, त्यामुळेच लोकांचा त्यांच्यावर अधिक भरवसा असतो. गूगल बिझनेस प्रोफाइलमधून, म्हणजे गूगलवरच्या आपल्या व्यवसायाच्या नोंदीतून, अभिप्रायाची लिंक किंवा क्यूआर कोड मिळतो. तो पार्सलमधल्या चिठ्ठीवर छापता येतो. मात्र त्या बदल्यात सवलत किंवा भेट देणे गूगलच्या नियमांत बसत नाही, आणि आधी खासगीत चाचपून फक्त खूश ग्राहकांनाच लिंक पाठवणेही नाही. प्रतिकूल मत आले तर दोन-तीन वाक्यांत उत्तर द्यावे: काय घडले, काय केले, पुढे कोणाशी बोलावे. ग्राहकाचा पत्ता किंवा ऑर्डरचा तपशील तिथे मांडू नये. शाब्दिक चकमकीत आपण पुणेकर सहसा हरत नाही, पण इथे जिंकूनही तोटाच होतो, कारण प्रेक्षक पुढचा ग्राहक असतो.

कायद्याची बाजू अनेक छोट्या व्यावसायिकांना ठाऊक नसते. ई-कॉमर्ससंबंधीच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार विक्रेत्याने स्वतः ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिणे निषिद्ध आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण 10 लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते आणि पुन्हा तसे घडल्यास 50 लाखांपर्यंत. भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी 2022 मध्ये आयएस 19000 हे मानकही काढले. ते स्वेच्छेने पाळायचे आहे, पण आपली पद्धत त्याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे.

खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी एका बाबतीत विशेष जपावे. 'तुमचे नाचणीचे लाडू खाऊन माझी साखर आटोक्यात आली' असा अभिप्राय मनापासून आलेला असला तरी छापू नये. ग्राहकाचे वाक्य आपण संकेतस्थळावर घेतले की तो आपला दावा ठरू शकतो, आणि अन्नपदार्थाने रोग बरा होतो किंवा टळतो असे सांगण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या जाहिरात व दावे विनियमांनी मनाई केली आहे. मधुमेहावर इलाज असल्याची जाहिरात तर 1954 च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्याच्या कक्षेतही जाऊ शकते. अशा ग्राहकाचे आभार मानावेत आणि लाडवाच्या चवीविषयी लिहिण्याची विनंती करावी.

व्यवसाय नवा असेल आणि ग्राहकच नसतील, तर मावशी आणि मित्रांकडून लिहून घेण्याची घाई करू नये. सोसायटीतल्या किंवा ओळखीच्या आठ-दहा घरांना नमुना द्यावा, वरील तीन प्रश्न विचारावेत आणि छापताना 'नमुना विनामूल्य दिला होता' हे स्पष्ट लिहावे. खरे ग्राहक मिळू लागले की हे अभिप्राय काढून टाकता येतात.

वर्षातून एकदा, दिवाळीची गर्दी ओसरल्यावर, सगळे अभिप्राय पुन्हा वाचून काढावेत. तेल बदलले, किंमत वाढली, कुरिअर कंपनी बदलली किंवा कापड दुसऱ्या गिरणीतून येऊ लागले, तर जुन्या मालाविषयीचे शब्द नव्या मालाखाली ठेवू नयेत. ते काढावेत आणि नव्या मालाच्या पहिल्या ग्राहकांना नव्याने विचारावे.