महागडे आयईएम जोखताना या चुका टाळा, आधी टिप बघा मग निकाल द्या

लाखाच्या घरातले आयईएम (इन-इअर मॉनिटर, म्हणजे कानाच्या नळीत घालायचे इअरफोन) आणून पहिल्याच संध्याकाळी "बासच नाहीये", "ट्रेबल टोचतोय", "पैसे पाण्यात गेले" असं लिहिणारे खूप दिसतात, आणि वाईट याचं वाटतं की त्यातल्या बऱ्याच जणांपर्यंत त्या आयईएमचा खरा आवाज पोचलेलाच नसतो, कुठे टिप (तोंडावरची मऊ टोपी) बसलेली नसते, कुठे व्हॉल्यूम भलताच असतो, कुठे फोनमधला एखादा इफेक्ट चालू राहिलेला असतो. या किमतीत दोन आयईएममधला फरक बारीक असतो आणि असल्या चुकांनी पडणारा फरक त्याहून मोठा, म्हणून संशय घ्यायचा क्रम ठरवून ठेवा: आधी टिप, मग व्हॉल्यूम, मग सोर्स (फोन, डोंगल, अँप, ज्यातून गाणं वाजतं ते), मग केबल, आणि सगळ्यात शेवटी आयईएम.

टिप बसली नसेल तर बाकी सगळं व्यर्थ

डब्यातून निघालेली मीडियम टिप लावायची आणि सुरू करायचं, हे जवळजवळ सगळेच करतात. कानाच्या नळीत टिपने हवा पूर्ण अडवली नाही तर बास तळापासून गळायला लागतो, आणि बास गेला की उरलेला ट्रेबल आपोआप जास्त वाटतो, म्हणजे "आवाज फार शार्प आहे" ही तक्रार खूपदा मुळात गळतीची असते. तपासणं सोपं आहे. 40 हर्ट्झचा टोन हळू आवाजात लावा आणि दोन्ही शेल (आयईएमचे डावे-उजवे तुकडे) बोटाने अगदी हलके आत दाबा, दाबल्यावर बास वाढला तर सील नाहीये. मग तोंड उघडून बघा, जांभई देऊन बघा, जबडा हलला की आवाज बदलत असेल तर साइज चुकलाय. डाव्या आणि उजव्या कानाची नळी सारखीच असते असं नाही, एका कानात मीडियम आणि दुसऱ्यात लार्ज लागली तर खुशाल तशी लावा, त्यात काही वावगं नाही.

आता खोली. कानाचा पडदा आणि आयईएमचं तोंड यांच्यात जी बंद नळी उरते तिचा स्वतःचा एक रेझोनन्स असतो. अंतर साधारण 2 सेंटीमीटर राहिलं तर तो 8 किलोहर्ट्झच्या आसपास येतो आणि आयईएम आत सरकवला की तो वर जातो. म्हणून तोच आयईएम एकाला मऊ लागतो आणि दुसऱ्याला "स" आणि "च" वर सुईसारखा टोचतो, दोघंही खरं बोलत असतात. एटिमोटिकचा ईआर-4 1991 पासून खोल घालायच्या हिशोबानेच बनवलेला आहे, तो वरवर घालून कुणी त्याला पातळ म्हणत असेल तर ते मत बाजूला ठेवायला हरकत नाही. तेव्हा टोचायला लागलं की आधी थोडे खोल घालून बघा, लांब टिप लावा, फोमची लावून बघा कारण फोम वरचा भाग बऱ्यापैकी मऊ करतो, आणि हे सगळं करूनही टोचत असेल तरच त्या आयईएमचं नाव घ्या.

घालताना कडकड असा बारीक आवाज आला तर घाबरू नका, आत दाबल्या गेलेल्या हवेने डायनॅमिक ड्रायव्हरचा (आतल्या छोट्या स्पीकरचा) पडदा वाकतो तेव्हा तसा आवाज येतो. कान थोडा मागे ओढून हळू घाला.

जो मोठा वाजतो तो चांगला वाटतो

फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच दाखवून दिलं की आवाजाची पातळी बदलली की आपल्या कानाला बास आणि ट्रेबलचं प्रमाणही बदललेलं वाटतं. म्हणजे दोन आयईएम वेगवेगळ्या पातळीवर ऐकून तुलना केली की ती तुलना तिथेच संपली, कारण जरासा मोठा वाजणारा भरदार आणि डिटेलवाला वाटणार आणि दुसरा बिचारा फिका. आणि गोंधळ असा की एकाच व्हॉल्यूमवर दोन आयईएम सारखे वाजत नाहीत, प्रत्येकाची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच सिग्नलवर किती मोठा वाजतो ते) वेगळी असते, त्यामुळे "दोन्ही 40 वर ठेवले होते" याला काही अर्थ नाही. 1 किलोहर्ट्झचा टोन दोन्हींवर लावून कानाने जितकी जुळवता येईल तितकी पातळी जुळवा, मग गाण्याचा 10-15 सेकंदांचा एकच तुकडा दोन्हींवर ऐका. पूर्ण गाणं एकावर, मग चहा, मग दुसऱ्यावर, असं करू नका, आवाजातले बारकावे आपल्या डोक्यात फार वेळ टिकत नाहीत.

4.4 एमएमच्या बॅलन्स्ड जॅकबद्दल (यात डाव्या-उजव्या बाजूचे सिग्नल पूर्ण वेगळ्या वायरींनी जातात) जे ऐकू येतं ना, स्टेज (आवाज किती पसरलेला वाटतो ते) उघडलं, बास घट्ट झाला वगैरे, ते आधी याच चाळणीतून काढा. बऱ्याच डोंगलमध्ये (फोनला लावायचा हेडफोनचा छोटा अ‍ॅडॅप्टर) बॅलन्स्डमधून दुप्पट व्होल्टेज मिळतं, म्हणजे 6 डेसिबल जास्त. व्हॉल्यूम तेवढा खाली आणून ऐका आणि मग फरक उरतो का ते बघा, उरला तर आनंदच आहे.

सोर्स आणि फोनच्या सेटिंग्ज

फोनमधलं डॉल्बी अ‍ॅटमॉस, इक्वलायझर, गाण्याच्या अ‍ॅपमधलं व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन, सगळं बंद करून घ्या. अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये मोनो ऑडिओ आणि डाव्या-उजव्या बॅलन्सचा स्लायडर असतो, तो जरा जरी एका बाजूला सरकलेला असला तरी "डावा शेल हळू वाजतोय" अशी तक्रार सुरू होते. ब्लूटूथच्या अ‍ॅडॅप्टरवर ऐकून आयईएमचा निकाल देऊ नका, निदान एकदा तरी वायरने ऐका.

दुसरी गोष्ट म्हणजे आउटपुट इम्पीडन्स (सोर्सचा स्वतःचा विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात), आणि याकडे फार कमी लोक बघतात. पुष्कळ बॅलन्स्ड आर्मेचर (बारीक पत्ती हलून वाजणारे) ड्रायव्हर असलेल्या आयईएमचा इम्पीडन्स वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला खूप बदलतो, त्यामुळे सोर्सचा स्वतःचा इम्पीडन्स जास्त असेल तर टोनच बदलतो. ढोबळ नियम असा की सोर्सचा इम्पीडन्स आयईएमच्या एक अष्टमांशाहून कमी असावा. कॅम्पफायर कंपनीचा अँड्रोमेडा हा आयईएम 12.8 ओहमचा, म्हणजे सोर्स साधारण 1.6 ओहमच्या आत हवा, आणि तो इतका सेन्सिटिव्ह आहे की पॉवरफुल अँपवर गाणं थांबलं की मागे सूं असा हिस ऐकू येतो. हिस आला म्हणजे आयईएम खराब असं समजू नका, कमी गेनवर टाका किंवा साधा डोंगल वापरा. अ‍ॅपलचा छोटा यूएसबी-सी डोंगल यासाठी छान आहे, फक्त काही अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज कमी निघतो.

एक बाजू हळू वाजतेय, किंवा गायक मध्ये नाहीच

हे क्रमाने करा. केबलचे डावे-उजवे कनेक्टर आपसात बदला. दोष दुसऱ्या शेलमध्ये गेला तर केबल किंवा सोर्स, त्याच शेलमध्ये राहिला तर शेल. आणि दुसरा आयईएम लावूनही दरवेळी त्याच कानात हळू वाटत असेल तर कानात मळ असू शकतो, डॉक्टरकडून तपासून घ्या, काड्या घालत बसू नका. शेलमध्ये दोष निघाला तर आधी जाळी उजेडात बघा. तोंड खाली धरून मऊ ब्रशने साफ करा म्हणजे कचरा आत न जाता खाली पडेल. मुंबई-कोकणात पावसाळ्यात घाम आणि दमटपणाने जाळीवर पाण्याचा पापुद्रा बसतो आणि ट्रेबल एकदम दबतो, रात्रभर सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद डब्यात ठेवलं की बहुतेक वेळा परत येतो. हेअर ड्रायर लावू नका.

गायकाचा आवाज डोक्याच्या मधोमध न येता कुठेतरी पसरलेला वाटतोय आणि बासही पोकळ, तर 0.78 एमएमच्या टू-पिन केबलची एक बाजू उलटी खोचली गेलीय का बघा. एक बाजू उलट्या फेजमध्ये वाजते तेव्हा असंच होतं. एक प्लग फिरवून लावा, झालं. कित्येकजण याच आवाजाला "वाइड स्टेज" म्हणून बसतात, याचं खरंच दुःख होतं.

चुकीची गाणी

फक्त डेमोची, गायिकेचा आवाज आणि गिटार असलेली गुळगुळीत गाणी लावली तर सगळेच आयईएम गोड वाटतात. 78 आरपीएमच्या जमान्यातली नाट्यगीतं ऐकून स्टेज किंवा ट्रेबलचा निकाल देता येत नाही, ती मोनो आहेत आणि वरचा पट्टा रेकॉर्डमध्ये नाहीच. त्यापेक्षा चांगलं रेकॉर्ड झालेलं ख्याल गायन घ्या. तानपुऱ्याची जवारी सलग झिलमिलत राहते का, की तिथे एखादाच पट्टा पुढे येऊन झिणझिणतो? तबल्यातल्या बायाचा (डग्ग्याचा) घुमारा मींड घेताना वर सरकताना ऐकू येतो का, की नुसता धप्प असा गोळा? हार्मोनियम गाण्यावर चढत तर नाही? भजनातले टाळ लावा, कडक ट्रेबल तिथे लगेच उघडा पडतो. आणि मराठी गाण्यातले स, श आणि "चांदणं" मधला दंत्य च, सिबिलन्स (स-श सारख्या आवाजांची टोचणी) पकडायला याहून चांगली टेस्ट शोधायला लागत नाही.

लोकल ट्रेनमध्ये किंवा दिवसभर ऑफिसचे कॉल घेऊन थकलेल्या कानांनी ऐकू नका. गोंगाट बासच गिळतो, मग व्हॉल्यूम वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा लक्षात ठेवा: 80 डेसिबलवर आठवड्याला 40 तास, त्याहून जास्त नाही.

ग्राफ आणि ड्रायव्हरची मोजणी

सेनहायझर आयई 900 मध्ये 7 एमएमचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर आहे, 64 ऑडिओच्या यू12टी मध्ये 12 आर्मेचर, आणि दोन्हींचे जीव टाकणारे चाहते आहेत, तेव्हा ड्रायव्हर मोजून काही कळत नाही. ग्राफ (कुठली फ्रिक्वेन्सी किती मोठी वाजते ते) नक्की बघा, पण दोन वेगळ्या यंत्रांवरचे ग्राफ एकमेकांवर ठेवू नका, आणि 711 कपलरवरचा (मोजमापासाठीचा कृत्रिम कान) 10 किलोहर्ट्झच्या पुढचा भाग तुमच्या कानातला समजू नका.

हे सगळं करूनही 6 किलोहर्ट्झला टोचतच असेल तर इक्वलायझरमध्ये तिथे 3 डेसिबल कमी करून ऐका. बरं वाटलं तर दोष नेमका कुठे ते तुम्हाला कळलं, ठेवायचे की रिटर्नची मुदत संपायच्या आत परत करायचे ते मग ठरवा. आणि लोकांसाठी मत लिहाल तेव्हा कुठली टिप, कुठला साइज, कुठला सोर्स हे तीन शब्दांत का होईना पण लिहाच, वाचणाऱ्याला तेवढ्यावरून समजतं की तुमचं मत त्याच्या कानाला लागू पडणार आहे का.