पुण्यातून एका दिवसाची सहल: या चुका टाळा

रविवारी सकाळी साडेआठला चांदणी चौकात उभं राहिलं की अर्धं पुणं मुळशीकडे निघालेलं दिसतं. उरलेलं अर्धं तेव्हा सिंहगड रस्त्यावर असतं. पिरंगुटला रांग, पौडला पुन्हा रांग, आणि बाराच्या सुमाराला ऐन गर्दीत एकदाचे पोचलो म्हणायचं.

खरं तर पुण्याइतकी चैन फार थोड्या शहरांना आहे. दीडशे किलोमीटरच्या आत घाट, गड, लेणी, धरणं, फुलांचं पठार. अजून थोडं पुढे गेलं की समुद्र. त्यामुळे ठिकाण चुकलं म्हणून सहल बिघडली, असं क्वचितच होतं. चुकतं ते घड्याळ. निघायची वेळ चुकते, परतायची चुकते, नाहीतर वर्षातली वेळच चुकते. म्हणून माझं सांगणं एवढंच, की आधी घरी परतायची वेळ ठरवा आणि तिथून उलटं मोजत या.

किलोमीटरवर भरवसा ठेवणं

महाबळेश्वर सुमारे १२० किलोमीटर. एखाद्या मंगळवारी तीन तासांत आरामात होतं. शनिवार-रविवारला सोमवारची सुट्टी जोडून आली, की हा हिशेब वाईपाशीच कोलमडतो. पुढे पसरणी घाट, मग पाचगणीची बाजारपेठ, मग वेण्णा तलावापाशी घोडे, मक्याची कणसं आणि पार्किंग शोधत रांगणाऱ्या गाड्या. जोडसुट्टीला महाबळेश्वर नकोच. त्याऐवजी वाईतच थांबा. ढोल्या गणपती, कृष्णेचे घाट, जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि नदीकाठी टांगलेली ती पोर्तुगिजांकडून आलेली भलीथोरली घंटा, एवढ्यात दिवस छान जातो आणि पसरणी घाट चढायची वेळच येत नाही.

सिंहगडाचंही तेच. शहरापासून तीसेक किलोमीटर म्हणून लोक दहाला निघतात आणि गोळेवाडीच्या नाक्यावर अडकतात, कारण वरचं पार्किंग भरलं की खालच्या गाड्या थांबवतात. सकाळी सातच्या आत नाका ओलांडता येत नसेल तर गाडी पायथ्याशी आतकरवाडीला लावा आणि पायवाटेने चढा. घाटात गाडीत बसून घालवायचा वेळ तेवढाच जाईल, शिवाय वरची पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही हक्काचं होईल.

पण सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे खडकवासल्याची चौपाटी. पानशेत, वरसगाव, सिंहगड, तिन्हीकडची वाहनं संध्याकाळी याच एका रस्त्याला लागतात. त्यात धरणाच्या कडेला कणीस आणि कांदाभजी दिसली की कुणीतरी पुढची दोन चाकं मातीत आणि मागची डांबरावर अशी गाडी लावतो, दार रस्त्याच्या बाजूला उघडतो, आणि मागची पीएमपीची बस तिथेच थांबते. तिच्या मागे अख्खी रांग. पानशेतहून परतताना दुपारी तीनच्या आत खडकवासला ओलांडावं, नाहीतर तिकडेच जेवून साडेआठनंतर निघावं. मधल्या वेळेत निघण्यात काही अर्थ नाही.

घाट चालू आहे, असं गृहीत धरणं

भोरमार्गे महाडला जाणारा वरंधा घाट पावसाळ्यात दरडींमुळे बऱ्याचदा बंद ठेवतात, कधी फक्त जड वाहनांना, कधी सगळ्यांनाच. मोबाईलवरचा नकाशा मात्र निळी रेघ दाखवतच राहतो. भोर, नीरा-देवघरचं पाणी, सगळं मागे टाकून लोक घाटाच्या तोंडाशी पोचतात आणि बॅरिकेड बघून मागे फिरतात. निघण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश बघावेत. त्याहून भरवशाचं म्हणजे जिथे जेवायचं किंवा राहायचं ठरलंय त्यांनाच फोन करून विचारावं, ‘घाट चालू आहे का?’ पुणे आणि रायगड या दोन जिल्ह्यांचे आदेश वेगवेगळे असतात, तेव्हा एकाच बाजूचा वाचून समाधान मानू नये. वरंधा बंद असेल तर ताम्हिणीने माणगावला उतरून मुंबई-गोवा महामार्गाने महाड गाठता येतं. तो वळसा मोठा आहे. दुपारी बारा वाजता सुचून उपयोग नाही.

धबधब्यांबाबत जास्त समजावण्याची गरज पडू नये, तरी पडते. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला, चार जण गेले. पुलावर जाऊ नका असा फलक तिथे होता. आपण उभे असतो तिथे उघडीप असते आणि वर डोंगरात धो-धो कोसळत असतं. ते पाणी खाली यायला मिनिटं लागतात. पाणी एकदम गढूळ झालं किंवा त्यात काटक्या-पाचोळा वाहत येऊ लागला, की फोटो राहू द्या आणि काठावर या. बंदी आदेश असेल तर तिथे जाऊच नये. चहा टपरीवर बसून धबधबा लांबूनही दिसतो.

ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरणं

ताम्हिणी गावापुढे विळे गावाकडे उतरताना, विशेषतः भरलेल्या गाडीत, एक ठरावीक वास येतो. जळक्या रबरासारखा, थोडा आंबट. पहिल्यांदा वाटतं पुढच्या ट्रकचा असेल. तो आपलाच असतो. शहरात गाडी चालवणारा माणूस चौथ्या गिअरमध्ये उतारावर सतत ब्रेक दाबत राहतो, लायनर तापतात आणि पेडल हळूहळू मऊ लागायला लागतं. ज्या गिअरने तो घाट चढलो असतो त्याच गिअरने उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हर लोकांचा नियम आजही तसाच लागू आहे. ऑटोमॅटिक असेल तर ‘डी’वर सोडून देऊ नका, लिव्हरवर ‘एल’, ‘२’ किंवा मॅन्युअल मोड असतो, तो घाटासाठीच आहे. वास आलाच तर मोकळ्या जागी बाजूला घ्या, गिअरमध्ये ठेवून उभी करा आणि वीस मिनिटं थांबा. चाकांवर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होते.

न्यूट्रलमध्ये इंजिन बंद करून पेट्रोल वाचवणारे महाभाग अजून भेटतात. इंजिन बंद म्हणजे स्टिअरिंग जड आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही जड.

चढताना उलटा त्रास. उन्हाळ्यात खंबाटकीत गर्दीत सापडलं की तापमानाचा काटा वर सरकतो. एसी बंद करा, गाडी बाजूला घ्या, बॉनेट उघडा. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं आणि थेट तोंडावर उडतं. धुक्यात अप्पर, म्हणजे दिव्यांचा लांबचा झोत, लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, म्हणून डिपरवरच चालवा. चालत्या गाडीत चारी इंडिकेटर लावून जाण्याची जी फॅशन आली आहे तिने मागच्याला आपण वळतोय की उभे आहोत तेच कळत नाही. आणि अरुंद जागी आधी वाट द्यायची ती चढणाऱ्या गाडीला. तिला चढावर थांबून पुन्हा निघणं अवघड असतं.

एक्स्प्रेस-वेची घाई

कार्ल्याची लेणी, भाजे, लोहगड, पवना धरण. हे सगळं मावळात, आणि मावळात उतरायचं तर जुना महामार्गच हवा. एक्स्प्रेस-वेवर चढलात की तळेगावनंतर उतरायची सोय थेट कुसगावला, म्हणजे लोणावळ्याच्या तोंडाशी. कामशेत डोळ्यांसमोरून जाऊ द्यायचं. टोल भरून पुढे जायचं आणि तेवढंच मागे यायचं. देहूरोड, वडगाव, कामशेत हा जुना रस्ता धरला तर वाटेत चहा तरी नीट मिळतो.

दुचाकीला एक्स्प्रेस-वेवर मुळात परवानगी नाही. नकाशात वाहन ‘कार’ ठेवलेलं असतं आणि तो बिनदिक्कत तिकडे वळवतो. बाईकवर असाल तर सेटिंग बदलून निघा. गाडीवाल्यांसाठी सपाटीला ताशी १०० आणि घाटात ६० ही मर्यादा आहे आणि कॅमेरे जागोजागी आहेत, चलन घरी पोचण्याआधी मोबाईलवर येतं. अजून एक गैरसमज फास्टॅगच्या वार्षिक पासचा. १५ ऑगस्ट २०२५ पासून आलेला हा पास राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, म्हणजे खेड शिवापूर, आनेवाडी इथे. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा आहे, तिथे तो लागू नाही आणि पैसे खात्यातूनच जातात. शिल्लक बघून निघावं.

चुकीचा महिना, चुकीची तिथी

कासचं पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं आणि तेव्हापासून ‘बघू जमलं तर’ म्हणून जाण्याची जागा राहिली नाही. बहर साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, तोही पावसाच्या लहरीवर. रोजच्या माणसांवर मर्यादा आहे, आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. नोव्हेंबरात गेलात तर वाळकं गवत दिसेल.

भिगवणचं उलट. रोहित पक्षी हिवाळ्यात येतात, पण त्यांना उथळ पाणी लागतं. उजनी धरण काठोकाठ भरलेलं असेल तर डिसेंबरात कुंभारगावला जाऊनही लांबवर पांढरे ठिपकेच दिसायचे; पाणी ओसरत गेलं की जानेवारी-फेब्रुवारीत थवे जवळ येतात. होडीवाल्यांकडे फोन करून विचारलं तर ते खरं सांगतात. सूर्योदयाला तिथे पोचायचं म्हणजे पुण्यातून पहाटे चारला निघायचं. दुपारी बाराला पोचणाऱ्याच्या वाट्याला माशाचं जेवण तेवढं येतं. ते छान असतं, हे कबूल.

पंचांग बघायची सवय आपल्याकडे लग्नापुरती उरली आहे. सोमवती अमावास्येला जेजुरी, अंगारकीला अष्टविनायक, पालखीच्या दिवशी दिवे घाट: यांतल्या कुठल्याही दिवशी गर्दीत मुद्दाम जायचं असेल तर जरूर जा, पण सहल म्हणून नको. पुरंदर किल्ल्यावर लष्कराची चौकी आहे, सगळ्यांची ओळखपत्रं लागतात. एकाचं घरी राहिलं की सगळे गेटवर.

कोकण एका दिवसात

दिवेआगर, हरिहरेश्वर ताम्हिणीमार्गे दीडशे किलोमीटरच्या पुढेच. जायला साडेचार तास, यायला रात्रीचा घाट धरून पाच. मधे उरतं काय? एक मुक्काम करा, नाहीतर जाऊ नका.

आणि भरतीची वेळ पाहा. हरिहरेश्वरच्या देवळामागची प्रदक्षिणेची वाट खडकांवरून समुद्राला लागून जाते. ओहोटीलाच ती करायची, भरतीत तिथे माणसं ओढली गेली आहेत. कोकणात तोंडी हिशेब आहे: तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, दिवसाही आणि रात्रीही. त्यानंतर सहाएक तासांनी ओहोटी. घासून-पुसून मिनिटाला मिळणार नाही, पण पुळणीवर गाडी घालू पाहणाऱ्या भाच्याला थांबवायला पुरतं. ओल्या वाळूत रुतलेली गाडी काढायला ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी थांबत नाही.

गाडीतली माणसं विसरणं

पौडच्या पुढे पंप, एटीएम आणि मोबाईलची रेंज तिन्ही विरळ होत जातात. टाकी भरून घ्या, नकाशा आधी डाउनलोड करा, पाचशे-हजार रुपये सुटे ठेवा. रेंज नसली की टपरीवाल्याचा क्यूआर नुसता शोभेला. मार्ग बहुधा पुरुष आखतात आणि स्वच्छतागृह कुठे आहे हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. चांगला पंप किंवा मोठं हॉटेल दिसलं की गरज असो-नसो थांबायचं, पुढचं कधी येईल याचा नेम नसतो.

पोरांना गाडी लागत असेल तर निघताना वडापाव भरवू नका आणि घाटात मोबाईल हातात देऊ नका. काच थोडी खाली, नजर लांब, तोंडात आलेपाक. गोळी द्यायचीच तर डॉक्टरांना विचारून, घाटाच्या अर्धा तास आधी. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी बाहेरच येते.

परतीला उशीर, आणि मग घाई

रविवारी संध्याकाळी साताऱ्याकडून येणारी सगळी वाहनं खेड शिवापूरच्या नाक्यावर साचतात, सुटली की सुसाट निघतात. कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे, आणि तिथे ब्रेक निकामी झालेल्या अवजड गाड्यांनी कितीतरी बळी घेतले आहेत. दिवसभर दमलेला चालक, मागे झोपलेली माणसं, घर दहा मिनिटांवर. इथे डाव्या लेनने, वेगमर्यादेत, ट्रकच्या पुढे न राहता उतरायचं. कोंढवा, बिबवेवाडी, धनकवडीकडे जायचं असेल तर शिंदेवाडीहून जुना कात्रज घाट धरावा. वळणं आहेत, पण अवजड वाहतूक कमी. सासवडकडून येणाऱ्यांना दिवे घाट तुंबलेला दिसला तर बोपदेव आहे. तो जास्त तीव्र उताराचा आहे, तेव्हा कोंढव्यापर्यंत दुसरा गिअर सोडू नका.