रीफ टाकीचे दिवे बदलताय? या चुका टाळा

खाऱ्या पाण्याच्या टाकीत (रीफ टाकीत) कोरल, म्हणजे प्रवाळ, ठेवणारे बहुतेक जण जुन्या ट्यूबला घाबरतात. ट्यूबला वर्ष झालं, आता कोरल उपाशी मरणार, अशी धास्ती असते. माझं निरीक्षण नेमकं उलटं आहे. जुन्या ट्यूबखाली कोरल महिनोन्महिने तग धरतं. रंग मळतो, वाढ मंदावते, पण ते जगतं. पांढरंफटक पडतं ते बहुधा नवी ट्यूब लागल्यानंतरच्या आठवड्यात.

याचं कारण कोरलच्या पेशींत आहे. तिथे झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला मिळतो. प्रकाश हळूहळू कमी होत गेला की हे शैवाल स्वतःतली रंगद्रव्यं वाढवतं आणि मिळेल तेवढा प्रकाश टिपायला शिकतं. म्हणून अंधूक टाकीतलं कोरल तपकिरी दिसतं. अशा टाकीवर एके दिवशी अचानक दीडपट उजेड पडला, तर वाढलेली रंगद्रव्यं गरजेपेक्षा जास्त ऊर्जा ओढतात, पेशींत ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि कोरल त्या शैवालालाच बाहेर टाकतं. यालाच आपण ब्लीचिंग म्हणतो. पावसाळाभर खोलीत ठेवलेली कुंडी एकदम मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर नेण्यासारखाच हा प्रकार आहे.

सगळ्या ट्यूब एकाच रविवारी बदलणं

हे टाळलंत तर अर्धी लढाई जिंकलीत. चार ट्यूबची फिटिंग असेल तर एका वेळी एकच ट्यूब बदला आणि पुढची बदलायला दहा-पंधरा दिवस जाऊ द्या. पूर्ण संच बदलायला दीड महिना लागेल, लागू दे. पुढच्या वर्षीही याच क्रमाने बदला, म्हणजे टाकीवर सगळ्या ट्यूब एकाच दिवशी नव्या होणार नाहीत.

मेटल हॅलाइडचा (प्रखर, खूप तापणारा दिवा) एकच बल्ब असेल तर ही सोय नसते. तिथे तीन उपाय आहेत आणि ते एकत्रही वापरता येतात. फिटिंग नेहमीपेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर वर टांगायची आणि दोन-तीन आठवड्यांत थोडी थोडी खाली आणायची. किंवा बल्ब सुरुवातीला दिवसाला चार-पाच तासच चालवायचा आणि दर तीन-चार दिवसांनी अर्धा-एक तास वाढवायचा. तिसरा उपाय सगळ्यात स्वस्त आहे. खिडकीला लावतात ती फायबरची मच्छरजाळी टाकीच्या तोंडावर तीन-चार पदरी अंथरायची आणि दर चार-पाच दिवसांनी एक पदर काढायचा. जाळी बल्बच्या जवळ मात्र नको, तो भयंकर तापतो.

कोरल फिकं पडलं की लगेच दिव्याला दोष देऊ नका, आधी कुठून फिकं पडलंय ते पाहा. वरचा, उजेडाकडचा भाग पांढुरका आणि सावलीतली बाजू अजून रंगीत असेल तर प्रकाश जास्त झालाय. बुंध्यापासून मांस सुटत वर चाललं असेल तर अल्कलिनिटी (पाण्याची क्षारता), पाण्याचा प्रवाह, किडे यांच्याकडे बघा. टाकीचं तापमान चढलं असेल, तर ब्लीचिंगला तेवढंही पुरतं. २५-२६ अंशांवर चालणारी टाकी एप्रिल-मेमध्ये ३० च्या वर गेली आणि त्याच आठवड्यात तुम्ही नवे दिवेही लावले, तर दोष कुणाचा हे शोधत बसावं लागेल. म्हणून उन्हाळ्याच्या ऐन तडाख्यात दिवे बदलू नका. फेब्रुवारी किंवा पाऊस स्थिरावल्यानंतरचा काळ बरा.

डोळ्यांवर भरवसा

'ट्यूब तर मस्त पेटतेय, कशाला बदलायची?' हा प्रश्न नेहमीचा आहे. आपल्या डोळ्याला सगळ्यात चांगला दिसतो तो ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवट पिवळा प्रकाश. कोरलमधलं शैवाल मुख्यतः ४०० ते ५०० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशावर जगतं. ट्यूबचा लेप जुना होऊन प्रकाश घटतो तेव्हा तो इतका हळू घटतो की डोळा रोज नव्याने जुळवून घेतो. त्यामुळे रोज टाकीसमोर बसणाऱ्याला फरक शेवटी कळतो, सहा महिन्यांनी आलेल्या पाहुण्याला लगेच दिसतो.

मोबाइलवरचं लक्स मोजणारं अ‍ॅपही इथे उपयोगाचं नाही. लक्स हे मापच मानवी डोळ्यासाठी बेतलेलं आहे, त्यात निळ्याला फारच कमी किंमत मिळते. मोजायचं ते 'पार' (पीएआर), म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारे सगळे कण. ते चौरस मीटरला दर सेकंदाला किती मायक्रोमोल पडतात यात सांगतात. ढोबळ अंदाज असा: झोअँथस, मशरूम, लेदर यांसारख्या मऊ कोरलना ५० ते १०० पुरतात, मोठ्या तोंडाच्या कठीण कोरलना १०० ते १५०, अ‍ॅक्रोपोरासारख्या फांद्यांच्या कोरलना २०० ते ३५०. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हाच आकडा २,००० च्या घरात असतो, म्हणून 'समुद्रात तर इतकं असतं' या हिशेबाने टाकीत दिवे वाढवू नका. त्या समुद्रात ढग असतात, लाटा असतात आणि तुमचं कोरल पृष्ठभागावर नाही, काही मीटर खाली वाढलेलं असतं.

पारमीटर महाग असतो. तो एकट्याने घेण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून घ्यावा किंवा मागून आणावा. नवी ट्यूब लावून आठवडा झाला की टाकीतल्या चार-पाच ठरावीक जागी मोजा आणि आकडे लिहून ठेवा. पुढे त्याच जागी पाव ते एक तृतीयांश घट दिसली की बदलायची वेळ झाली. मीटर नसेल तर कॅलेंडरवर चाला. टी५, म्हणजे बारीक ट्यूब, यांसाठी ९ ते १२ महिने, मेटल हॅलाइडसाठीही साधारण तेवढेच, जुन्या पद्धतीच्या कॉम्पॅक्ट ट्यूबसाठी ६ ते ९. आणि ट्यूबच्या टोकाला मार्करने लावल्याची तारीख लिहा. एवढी साधी गोष्ट, पण ती करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

लांबी जुळली म्हणून घेतलेली ट्यूब

आपल्याकडे ही चूक फार होते, कारण मत्स्यालयाच्या ट्यूब मागवाव्या लागतात आणि घरगुती टी५ पट्टी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. दोन्ही १६ मिलिमीटर जाडीच्या. दोन्हींच्या पिना सारख्या. लांबीही तीच! घरगुती २८ वॅटची ट्यूब ११४९ मिलिमीटर आणि रीफ फिटिंगमधली ५४ वॅटची एचओ (हाय आउटपुट, म्हणजे जास्त प्रकाश देणारी) ट्यूबही ११४९ मिलिमीटर. दुकानदार दोन्ही शेजारी धरून दाखवतो आणि म्हणतो, 'बघा साहेब, सेम आहे.'

सेम नाही. २८ वॅटची ट्यूब १७० मिलिअँपिअर करंटसाठी बनलेली असते, ५४ वॅटची ४६० साठी. एचओच्या चोकवर घरगुती ट्यूब लावली तर ती सुरुवातीला झकास पेटेल, मग तिची टोकं काळवंडतील, ती लवकर जाईल आणि जाताना कदाचित होल्डरही वितळवून जाईल. उलट केलंत, म्हणजे घरगुती चोकवर एचओ ट्यूब लावलीत, तर ती मरगळलेली पेटेल. बाकीच्या जोड्याही अशाच फसव्या आहेत: १४ आणि २४ वॅट, २१ आणि ३९ वॅट, ३५ आणि ८० वॅट. ट्यूब घेताना लांबीपेक्षा वॅट वाचा, आणि चोकवर छापलेले वॅटही वाचा.

अमेरिकेतला भाचा किंवा मुलगी ट्यूब घेऊन येणार असेल तर खुशाल आणू द्या. ट्यूबचा व्होल्टेजशी थेट संबंध नसतो, तो चोक सांभाळतो. पूर्ण फिटिंग मात्र आणायला सांगू नका. तिकडची बरीच ११०-१२० व्होल्टवर चालणारी असते. चोकवर १०० ते २४० असं स्पष्ट छापलं असेल तरच आपल्या २३० वर लावा.

रंगाच्या बाबतीतही अशीच फसगत होते. प्रकाशाची छटा केल्विनमध्ये सांगतात, आकडा वाढला की ती निळसर होते. ६,५०० केल्विनची 'डे लाइट' ट्यूब कोरल वाढवू शकते, पण टाकी पिवळट दिसते आणि कोरलचे रंग उठत नाहीत. रीफसाठी १०,००० ते २०,००० केल्विनच्या ट्यूब आणि त्यांच्या जोडीला ४२० किंवा ४६० नॅनोमीटरच्या निळ्या ट्यूब वापरतात. चार ट्यूबच्या फिटिंगला तीन निळसर आणि एक पांढरी हा जुना, भरवशाचा हिशेब. केल्विन जास्त म्हणजे ताकद जास्त, असं मात्र मुळीच नाही. एकाच वॅटच्या मेटल हॅलाइडमध्ये २०,००० चा बल्ब १०,००० वाल्यापेक्षा सहसा कमी पार देतो. रीफच्या निळ्या ट्यूबना अ‍ॅक्टिनिक म्हणतात; सजावटीच्या दुकानातली निळी ट्यूब म्हणजे अ‍ॅक्टिनिक नव्हे. आणि पार्टीतली जांभळी ब्लॅकलाइट तर नव्हेच नव्हे.

बसवतानाच्या गफलती

टायमरवर दिवा बंद आहे म्हणजे करंट बंद आहे असं समजू नका. प्लग बाहेर काढा. टी५ होल्डरमध्ये सरकवली की पाव वळसा फिरवून 'टक' असा आवाज येईपर्यंत बसवायची. अर्धवट बसलेली ट्यूब ठिणग्या उडवत राहते आणि होल्डर जळतो. टी५ च्या ज्या टोकाला छापील मजकूर असतो तिथे तिचा थंड भाग असतो, पाऱ्याचा दाब तिथे ठरतो. त्यामुळे फिटिंगमधल्या सगळ्या ट्यूबचे छापील टोक एकाच बाजूला ठेवा. टी५ सगळ्यात जास्त प्रकाश देते ती भोवतालची हवा ३५ अंशांच्या आसपास असताना. बंद हुडमध्ये ती याहून खूप तापते, प्रकाश घटतो, आयुष्यही घटतं. छोटा पंखा लावा.

मेटल हॅलाइडचा बल्ब उघड्या बोटांनी धरू नका, कापडाने धरा. हाताचं तेल काचेवर राहिलं तर तिथेच काच तापून तडकते. दोन्ही टोकांना पिना असलेल्या बल्बच्या फिटिंगला पुढे काच असते, ती अतिनील किरण अडवते. 'उजेड कमी येतो' म्हणून ती काढून ठेवणारे आहेत. दोन दिवसांत कोरल भाजतं, आणि टाकीत वाकून काम करणाऱ्याचे डोळेही.

नवी ट्यूब घेण्याआधी जुनी पुसून बघितली का? मिठाचा थर ट्यूबवर, संरक्षक काचेवर आणि रिफ्लेक्टरवर बसतो आणि बराच प्रकाश गिळतो. आरओच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने, दिवे थंड असताना, दर आठवड्याला पुसा. मात्र महिनोन्महिने न पुसलेली फिटिंग एकदम लख्ख केलीत तर तोही कोरलला धक्काच. त्या आठवड्यात दोन तास कमी चालवा.

ट्यूब पेटतच नाही

आधी ट्यूब अदलाबदल करून बघा. चालू ट्यूब बंद जागी लावली आणि ती तिथेही पेटली नाही, तर दोष ट्यूबचा नाही, चोक किंवा होल्डरचा आहे. काही चोक दोन ट्यूब एकत्र चालवतात, एक गेली की दुसरीही विझते. दोन्ही टाकून देऊ नका. मुंबई, ठाणे, कोकणपट्टीच्या दमट हवेत पिना आणि होल्डरची पितळी पट्टी हिरवी पडते, तीही तपासा. रात्री-बेरात्री दिवे लागत असतील तर काट्याचा टायमर बघा: वीज जाईल तेवढा वेळ तो मागे पडतो. बॅटरी बॅकअप असलेला डिजिटल टायमर घ्या. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरवर दिवे लावू नका, पंप लावा. अंधारात कोरल एक-दोन दिवस आरामात काढतं, थांबलेल्या पाण्यात नाही. आणि टाकीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर दिव्यांच्या आधी तो बसवून घ्या.

शैवाल वाढलं, बदला ट्यूब

हा सल्ला फार सहज दिला जातो. जुन्या ट्यूबचा रंग सरकतो हे खरं, पण काचेवर आणि दगडांवर माजलेलं शैवाल मुळात नायट्रेट आणि फॉस्फेटवर पोसलेलं असतं. ते मोजल्याशिवाय हजारो रुपयांच्या ट्यूब बदललात तर शैवालाला नवा, जोरदार उजेड मिळेल, एवढंच.

एलईडीकडे जाताना

ट्यूबचे दिवस आता थोडे राहिलेत. युरोपीय महासंघात सर्वसाधारण टी५ आणि टी८ ट्यूब ऑगस्ट २०२३ पासून बाजारात आणता येत नाहीत. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या २०२३ मधल्या जिनिव्हा बैठकीतही अशा सरळ फ्लुरोसंट ट्यूबचं उत्पादन २०२७ पर्यंत थांबवायचं ठरलं. मत्स्यालयाच्या ट्यूब त्यामुळे एका रात्रीत नाहीशा होणार नाहीत, पण महाग आणि दुर्मीळ होत जातील. फिटिंग चांगली असेल तर एक संच जास्तीचा घेऊन ठेवावा. नवी टी५ फिटिंग आज विकत घ्यायचा सल्ला मी देणार नाही.

एलईडी लावली की लोक पहिल्याच दिवशी सगळे चॅनल (वेगवेगळ्या रंगांचे दिवे) शंभर टक्क्यांवर नेतात. ३० टक्क्यांच्या आसपास सुरुवात करा, आठवड्याला पाच टक्के वाढवा, तेही निळ्याचं; पांढरा, लाल, हिरवा अगदी बेताने. एलईडीचा प्रकाश ठिपक्यातून येतो, म्हणून फिटिंगच्या थेट खाली भाजतं आणि फांदीच्या मागे गडद सावली राहते. टाकी लांब असेल तर एका दमदार दिव्यापेक्षा दोन मध्यम बरे. पन्नास हजार तासांचं आयुष्य खोक्यावर छापलेलं असलं तरी त्याआधी पंखा धूळ-मिठाने जाम होतो किंवा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) जातो. दर दोन महिन्यांनी पंखा साफ करा. स्वस्त फिटिंगमध्ये दिवे माळेसारखे जोडलेले असतात आणि एक जळला की अख्खी रांग बंद पडते; बंद रांगेतला जळका दिवा शोधून बदलता येतो, फिटिंग फेकायची गरज नसते.

जाता जाता, दिव्यांवर खर्च करण्याआधी कोरल कुठून आलंय ते विचारा. कठीण सांगाड्याची प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या समुद्रातून काढलेलं असं कोरल घरात ठेवणं हा गुन्हा आहे. मऊ कोरलवर उत्तम टाकी उभी राहते, आणि तिला प्रकाशही निम्मा पुरतो.

काढलेल्या ट्यूब घंटागाडीत टाकू नका. त्यांत पारा असतो आणि २०२२ च्या ई-कचरा नियमांत त्यांचा समावेश आहे. अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्या. हातात फुटलीच तर खिडक्या उघडा, पंखा बंद करा, पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा. झाडू किंवा व्हॅक्यूम नको. तुकडे जाड पुठ्ठ्याने गोळा करा, भुकटी ओल्या कागदाने टिपा आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करा. ट्यूब बदलण्याआधी टाकीवर एक पुठ्ठा आडवा ठेवला असेल, तर यातलं काही पाण्यात पडणार नाही.