दुकानाच्या वेबसाइटवर व्हिडिओ आणि आवाज कुठे व कसा ठेवावा

वेबसाइटवर व्हिडिओ टाकायचा की नाही, हे चित्रीकरणाला माणूस बोलावण्याआधी ठरवावे आणि ते ठरवताना गिऱ्हाईक दुकानात आल्यावर नेमके काय विचारते हे आठवावे. ज्या प्रश्नाचे उत्तर एका फोटोने आणि दोन ओळींनी मिळते, त्यासाठी व्हिडिओचा खर्च करू नये. वस्तू हातात घेऊन उलटीसुलटी करून दाखवल्याशिवाय ज्याची खात्री पटत नाही, त्यासाठी मात्र तो अवश्य करावा.

पैठणीचे पाहा. हातमागावरच्या पैठणीचा पदर उलटा केला तरी मागची नक्षी जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरताच विणून शेजारच्या रंगात अडकवलेला असतो. यंत्रमागावरच्या साडीच्या मागे बहुधा सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. हे कितीही नेटके लिहिले तरी वाचणाऱ्याला पटतेच असे नाही. पैठणच्या विणकराने मोराचा पदर खिडकीच्या उजेडात धरून सावकाश उलटला, जिथे हिरवा संपून लाल सुरू होतो तिथे बोट ठेवले आणि हे सगळे वीस-पंचवीस सेकंदांत दाखवले, तर पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाचा पुढचा प्रश्न थेट किमतीचा असतो. म्हणून हा व्हिडिओ त्या साडीच्या पानावर, किमतीच्या शेजारी असावा. पहिल्या पानावर ड्रोनने टिपलेली दुकानाची इमारत दाखवण्याची हौस मालकाची असते. गिऱ्हाइकाला तिचे काही देणेघेणे नसते.

अशा कामाला चांगला मोबाइल आणि तिपाई पुरते. ट्यूबलाइट आणि खिडकीचा उजेड एकत्र येऊ देऊ नये, नाहीतर साडीचा रंग पडद्यावर वेगळा दिसतो आणि माल परत येतो. चित्रापेक्षा आवाजाकडे जास्त लक्ष द्यावे, कारण थोडे हललेले चित्र लोक चालवून घेतात, पण न समजणारे बोलणे ऐकत बसत नाहीत. बोलणाऱ्याला कॉलर माइक लावावा, पंखा बंद करावा, आणि माग थांबवून आधी बोलणे ध्वनिमुद्रित करावे. मागाची खटखट नंतर वेगळी टिपून बोलण्याखाली अगदी हलकी ठेवावी. ती पूर्ण काढून टाकली तर कारखान्याचा जिवंतपणाच जातो. पार्श्वभूमीला सिनेमातले गाणे परवानगीशिवाय लावू नये, कारण तो स्वामित्वहक्काचा भंग ठरतो.

आता फाइलच्या आकाराविषयी. ७२० पी, म्हणजे मध्यम स्पष्टतेचा व्हिडिओ सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने साठवला तर एका मिनिटाला सुमारे १५ एमबी होतात (आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी). मोबाइलमधून निघालेली मूळ फाइल याच्या कितीतरी पट मोठी असते. ती तशीच चढवण्याची चूक मी स्वतः केली आहे. दुकानातल्या वायफायवर सगळे झकास चालले, आणि मालकाच्या मेहुण्याने गावाकडून फोन करून सांगितले की पान नुसतेच पांढरे दिसते आहे. म्हणून फाइल एमपी४ प्रकारात, एच.२६४ पद्धतीने दाबून लहान करावी. तयार करताना ‘फास्ट स्टार्ट’ हा पर्याय निवडावा, म्हणजे पूर्ण फाइल उतरण्याची वाट न पाहता ती सुरू होते. आणि सुरुवातीला पानावर फक्त एक स्थिर चित्र दिसेल, बोट लावल्यावरच व्हिडिओ उतरेल, अशी सोय करून घ्यावी. व्हिडिओ यूट्यूबवर ठेवून वेबसाइटवर दाखवला तर नेटच्या वेगाप्रमाणे दर्जा आपोआप बदलतो, हा मोठा फायदा आहे. मात्र व्हिडिओ संपल्यावर शेजारच्या दुकानदाराची साडीही तिथे दिसू शकते.

पान उघडताच सनई वाजलीच पाहिजे, असा आग्रह अजूनही काही मालक धरतात. क्रोमने एप्रिल २०१८ पासून आवाजासह आपोआप सुरू होणारे व्हिडिओ साधारणपणे रोखलेले आहेत, आणि ते योग्यच आहे. कार्यालयात किंवा एसटीत बसून पाहणारा माणूस अशा वेळी पान बंद करूनच मोकळा होतो. आवाज बंद ठेवून पाहणारे पुष्कळ असतात, तसेच ऐकू न येणारेही असतात, म्हणून चित्राच्या तळाशी बोलण्याची मराठी सबटायटल्स द्यावीत आणि ती आपण स्वतः तपासावीत; यंत्राने लिहिलेल्या सबटायटल्समध्ये ‘पदर’चे काय होईल याचा नेम नाही.

नुसत्या आवाजाचा उपयोग आपल्याकडे फार कमी लोक करतात, याचे मला नवल वाटते. जालन्यातल्या बियाणे विक्रेत्याचे गिऱ्हाईक शेतात असते, हात मातीत असतात आणि उन्हात पडदा दिसत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, बी ५ सेंटीमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये, हे दोन मिनिटांत, इकडच्याच बोलीत, ओळखीच्या माणसाच्या आवाजात सांगितले तर ते बांधावर बसून ऐकता येते. मोनो प्रकारात (दोन्ही कानांना एकच आवाज), सेकंदाला ६४ किलोबिट वेगाने साठवलेली अशी फाइल एक एमबीच्या आत बसते. तेच बोलणे तिच्याखाली लिहूनही ठेवावे, कारण गूगलवर शोधणाऱ्याला पान सापडते ते बहुतांशी लिहिलेल्या शब्दांमुळे.

सगळे चढवून झाल्यावर दुकानातले वायफाय बंद करावे, घरातला सर्वांत जुना मोबाइल घ्यावा आणि गावाकडच्या एसटी थांब्यावर उभे राहून पान उघडावे. बोट लावल्यावर पाच सेकंदांत चित्र हलले नाही, तर फाइल पुन्हा लहान करावी.